नवोदित स्त्री-नाटककार आणि दिग्दर्शिका : मार्गदर्शनाचा प्रश्न

१. नाटक एकटीने पुरे होत नाही

कविता किंवा कथा लिहिणाऱ्या स्त्रीला घरकामातून काढलेला तास-दोन तासांचा वेळ पुरतो, असे म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही. माजघराच्या कोपऱ्यात, कोणालाही न विचारता ती लिहू शकते. आणि लिहून झाले की तिची कृती पूर्ण झालेली असते. नाटकाची गोष्ट निराळी आहे. संहिता कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी ती अर्धीच कृती असते. पात्राच्या तोंडी घातलेले वाक्य नटाच्या जिभेवर बसते की नाही, पहिल्या अंकाचा पडदा थोडा आधी पडावयास हवा होता काय, दोन प्रवेशांच्या मध्ये नटीला लुगडे बदलण्याइतका अवकाश आहे की नाही, ह्या गोष्टी लेखनाच्या मेजावर कळत नाहीत. त्या तालमीत कळतात. आणि तालीम ही एकट्याने करावयाची गोष्ट नव्हे. तिला जागा लागते, नट लागतात, दिवे लागतात, पैसा लागतो आणि संध्याकाळनंतरचे तीन-चार तास लागतात.

भारतीय भाषांत लेखिकांची परंपरा समृद्ध असूनही स्त्री-नाटककार आणि दिग्दर्शिका संख्येने कमी का, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा साधा भेद विसरला जातो. उणीव प्रतिभेची आहे असे मानणारे लोक संहितेकडे पाहतात. उणीव तालमीची आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत प्रकरणाचा विषय हाच आहे. नवोदित स्त्रीला रंगभूमीवर मार्गदर्शन करणे म्हणजे नेमके काय करणे, ते आजवर कोणाला कसे मिळाले आणि ते देऊ इच्छिणाऱ्या संस्थेने कोणती पथ्ये पाळावीत, ह्यांचा येथे क्रमाने विचार करू.

'मार्गदर्शन' ह्या शब्दाला आपल्याकडे फार सैल अर्थ आला आहे. हस्तलिखित चाळून 'छान आहे, लिहीत राहा' असे सांगणे, शिबिराच्या समारोपाला चार उपदेशपर शब्द बोलणे, पुस्तकाला प्रस्तावना देणे ह्या सर्वांना आपण मार्गदर्शन म्हणतो. जुन्या नाटक मंडळ्यांतील 'तालीममास्तर' हा शब्द अधिक नेमका होता. तालीममास्तर सल्ला देत नसे. तो नवख्या मुलाला उभे करून, चालवून, बोलवून घेत असे. त्या शब्दातील अर्थ पुढे न्यावयाचा तर रंगभूमीवरील मार्गदर्शनाची व्याख्या अशी करता येईल : ज्याच्या ताब्यात तालीम आहे त्याने ती काही काळ, काही अटींवर, नवख्या व्यक्तीच्या हाती देणे. ह्या व्याख्येच्या कसोटीवर पुढील उदाहरणे तपासून पाहावयाची आहेत.

२. मंडळीतील शाळा आणि तिच्याबाहेरच्या स्त्रिया

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून पुढे शतकभर मराठी नाटक प्रामुख्याने मंडळ्यांच्या आश्रयाने वाढले. मंडळी ही केवळ नाटके करणारी संस्था नव्हती. ते एक फिरते बिऱ्हाड होते आणि तीच नाट्यशिक्षणाची शाळाही होती. लहान वयाचे मुलगे मंडळीत दाखल होत, पंक्तीत जेवत, विंगेत उभे राहून थोरांची कामे पाहत आणि पाहता पाहता शिकत. नाटककार आपले नाटक मंडळीसमोर वाचून दाखवी. तालमीला बसून संवाद कमी-जास्त करी, चालींबद्दल वाद घाली. शेजारच्या कर्नाटकात आणि पारशी मंडळ्यांच्या प्रदेशांतही शिक्षणाची रीत थोड्याफार फरकाने हीच होती.

ह्या शाळेत मुलींना जागा नव्हती. स्त्रीभूमिका पुरुष करीत, आणि 'घरंदाज' समजल्या जाणाऱ्या स्त्रीने मंडळीच्या बिऱ्हाडात पाऊल टाकणे कल्पनेबाहेरचे होते. केवळ स्त्रियांच्या अशा काही मंडळ्याही निघाल्या. परंतु प्रतिष्ठित रंगभूमीने त्यांना आपल्या पंक्तीला बसवले नाही. परिणाम असा झाला की, नाट्यलेखनाचे व्यावहारिक ज्ञान जेथे हातोहात दिले जाई, तेथेच स्त्री पोहोचू शकत नव्हती.

हिराबाई पेडणेकर (१८८५–१९५१) यांचे उदाहरण ह्या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. कलावंतिणींच्या समाजात जन्मलेल्या हिराबाईंनी संगीताचे व साहित्याचे उत्तम शिक्षण घेतले. त्यांचे 'जयद्रथ विडंबन' हे नाटक १९०४ चे. आणि १९१२ साली त्यांचे 'दामिनी' केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. नामांकित मंडळीने स्त्रीचे नाटक करावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मुंबईतील त्यांच्या घरी त्या वेळचे नामवंत साहित्यिक येत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारख्या नाटककाराचा स्नेह आणि साहाय्य त्यांना लाभले. तरीही 'दामिनी'नंतर नाटककार म्हणून त्यांचे नाव रंगभूमीवर पुन्हा ठळकपणे उमटले नाही. उत्तरायुष्य त्यांनी कोकणातील पालशेत येथे, नाट्यसृष्टीपासून दूर घालविले. त्यांच्या जीवनावर पुढे वसंत कानेटकरांनी 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिले. ज्या स्त्रीला स्वतः नाटककार म्हणून दीर्घकाळ उभे राहता आले नाही, ती दुसऱ्याच्या नाटकाची नायिका झाली.

हिराबाईंना रसिकांची कमतरता नव्हती, सल्लागारांचीही नव्हती. कमतरता होती ती मंडळीत हक्काने बसण्याची. जन्मामुळे आलेले सामाजिक अंतर आणि स्त्रीत्वामुळे आलेले अंतर अशी दुहेरी भिंत त्यांच्यासमोर होती. बैठकीतील बुद्धिमान संभाषण कितीही मोलाचे असले तरी ते तालमीची जागा घेऊ शकत नाही, हा ह्या उदाहरणाचा पहिला धडा.

दुसरा धडा गिरिजाबाई केळकर यांच्या उदाहरणावरून मिळतो. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' ह्या नाटकाला त्यांनी 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिले, आणि १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. हा सन्मान निःसंशय ऐतिहासिक होता. परंतु एका स्त्रीला अध्यक्षपदाच्या खुर्चीवर बसविल्याने दुसऱ्या दहा स्त्रियांना तालमीचे दार उघडत नाही. मान आणि उमेदवारी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देणे सोपे, दुसरी देणे खर्चाचे. आजही अनेक संस्था पहिलीवरच थांबतात.

३. नवी दारे

१९४३ साली स्थापन झालेल्या भारतीय जन नाट्य संघाने, म्हणजे 'इप्टा'ने, सुशिक्षित स्त्रियांना रंगभूमीवर आणले, ते केवळ नटी म्हणून नव्हे. शीला भाटिया, शांता गांधी, दीना पाठक, तृप्ती मित्र ह्या सर्वांची जडणघडण त्या चळवळीत झाली. तेथे तालीम ही राजकीय कामाचा भाग असल्यामुळे तिला हजर राहणे हे कर्तव्य मानले जाई. स्त्रीच्या उपस्थितीला त्यामुळे वेगळे समर्थन लागत नसे.

१९५९ साली दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले आणि प्रथमच दिग्दर्शन हा प्रवेशपरीक्षा देऊन शिकावयाचा विषय झाला. तेथे शिकविणाऱ्यांत शांता गांधी आणि शीला भाटिया होत्या. शांता गांधी यांनी भासाची संस्कृत नाटके विद्यार्थ्यांकडून बसवून घेतली आणि १९६८ साली गुजरातच्या भवई शैलीत 'जसमा ओडन' सादर केले. पुढे १९८८ ते १९९५ ह्या काळात कीर्ती जैन आणि २००७ ते २०१३ ह्या काळात अनुराधा कपूर यांनी विद्यालयाचे संचालकपद सांभाळले. विद्यालयाचे महत्त्व असे की तेथे तालमीची खोली ओळखीवर मिळत नाही, वेळापत्रकावर मिळते. ज्यांना गटातील मित्रमंडळींत शिरकाव नाही त्यांच्यासाठी वेळापत्रक हे फार मोठे संरक्षण असते.

मुंबईत इब्राहिम अल्काझी व अदी मर्झबान यांच्याजवळ शिकलेल्या विजया मेहता यांनी १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि श्रीराम लागू यांच्यासह 'रंगायन'ची स्थापना केली. 'रंगायन'मधील एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. १९६७ साली 'सत्यकथे'त महेश एलकुंचवार नावाच्या तरुण लेखकाची 'सुलतान' ही एकांकिका प्रसिद्ध झाली. ती वाचून विजयाबाईंनी त्या अपरिचित लेखकाचा शोध घेतला आणि पुढे त्याच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. नवोदित नाटककाराचे भाग्य म्हणतात ते हेच : दिग्दर्शक त्याला शोधीत येतो. येथे शोधणारी स्त्री होती आणि लेखक पुरुष; रंगभूमीवरील गुरुत्व पुरुषाच्याच वाट्याला येते हा समज त्यामुळे खोटा ठरतो. परंतु त्याच वेळी एक प्रश्नही उभा राहतो. नियतकालिकाच्या पानांतून अपरिचित लेखिकेला अशा रीतीने शोधीत जाणारे दिग्दर्शक आपल्याकडे किती झाले? मार्गदर्शनाची सुरुवात शिकवण्यापासून होत नाही. ती शोधण्यापासून होते.

४. कलकत्त्यातील एक उमेदवारी

उषा गांगुली (१९४५–२०२०) यांचा मार्ग अभ्यासकाने तपशिलाने पाहावा असा आहे. बंगाली रंगभूमीच्या नगरीत हिंदी नाटक करणे हीच मुळात अल्पसंख्याकांची गोष्ट. उषाजी महाविद्यालयात हिंदी शिकवीत असत. १९७६ साली त्यांनी 'रंगकर्मी' ही संस्था स्थापन केली. संस्था त्यांची होती. तरीही दिग्दर्शनाची सूत्रे त्यांनी लगेच हाती घेतली नाहीत. त्यांनी बाहेरच्या दिग्दर्शकांना निमंत्रण दिले. एम. के. रैना, तृप्ती मित्र, रुद्रप्रसाद सेनगुप्त, विभास चक्रवर्ती अशा भिन्न प्रकृतीच्या दिग्दर्शकांनी 'रंगकर्मी'ची नाटके बसविली आणि उषाजी त्यांच्या हाताखाली नटी म्हणून उभ्या राहिल्या.

ह्यांतील तृप्ती मित्र यांचा वाटा विशेष ध्यानात घ्यावा. १९५८ साली 'बहुरूपी' ह्या संस्थेने इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'चे 'पुतुलखेला' हे बंगाली रूपांतर केले. त्याचे दिग्दर्शक शंभू मित्र होते आणि नायिकेची भूमिका तृप्ती मित्र यांनी केली होती. १९८१ साली त्याच नाटकाचे हिंदी रूप, 'गुडिया घर', तृप्तीजींनी 'रंगकर्मी'साठी दिग्दर्शित केले आणि नायिका झाल्या उषा गांगुली. घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या स्त्रीची जी भूमिका एकीने दुसऱ्याच्या दिग्दर्शनाखाली केली, ती तिने स्वतः दिग्दर्शक होऊन पुढच्या पिढीतील स्त्रीकडून करवून घेतली.

त्यानंतर १९८४ साली, मन्नू भंडारी यांच्या 'महाभोज'ने, उषा गांगुली स्वतः दिग्दर्शनाकडे वळल्या. १९८७ साली रत्नाकर मतकरी यांचे 'लोककथा', १९८९ साली महेश एलकुंचवार यांचे 'होली' आणि १९९२ साली महाश्वेता देवी यांच्या कथेवरून त्यांनी स्वतः नाट्यरूप दिलेले 'रुदाली' हे त्यांचे प्रयोग गाजले. मराठी वाचकाला येथे सहज दिसेल की, विजयाबाईंनी शोधून काढलेल्या लेखकाचे नाटक दोन दशकांनी कलकत्त्यातील एका दिग्दर्शिकेच्या तालमीत पोहोचले होते. चांगले मार्गदर्शन असेच, कोणाच्याही योजनेबाहेर, दूरवर जाते.

ह्या उदाहरणातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, उमेदवारीला काळ लागतो. संस्थेच्या स्थापनेपासून पहिल्या दिग्दर्शनापर्यंत आठ वर्षे गेली. दोन, मार्गदर्शक अनेक असावेत. एकाच गुरूच्या हाताखाली राहणारी शिष्या त्याची नक्कल होण्याचा संभव असतो. चौघांची काम करण्याची रीत पाहिलेली शिष्या त्यांतून स्वतःची रीत घडवते. आणि तीन, 'रंगकर्मी' ही संस्था उषाजींची स्वतःची असल्यामुळे मार्गदर्शकांना बोलाविणे आणि त्यांचे काम संपताच त्यांना निरोप देणे त्यांच्या हाती होते. शिष्येच्या हाती इतकी सत्ता क्वचितच असते. म्हणून जेथे ती नसेल तेथे नियमांनी ती निर्माण करावी लागते.

५. वारसा, ग्रंथ आणि परस्परसाहाय्य

सर्वच स्त्रिया ह्या एका मार्गाने आल्या नाहीत. काहींना तालीम घरातच मिळाली. कन्नड रंगभूमीवरील बी. जयश्री ह्या गुब्बी वीरण्णांची नात. मंडळीचे जीवन त्यांना जन्माने लाभले, आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील शिक्षणाची जोड त्यांनी त्याला दिली. शांवली मित्र ह्या शंभू व तृप्ती मित्र यांची कन्या. १९८३ साली त्यांनी 'नाथवती अनाथवत्' हे द्रौपदीवरील नाट्य स्वतः लिहिले, दिग्दर्शित केले आणि एकटीने सादर केले. ह्या नाट्याची प्रेरणा त्यांना इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधून मिळाली. रंगभूमीशी संबंध नसलेल्या एका मराठी विदुषीचा ग्रंथ बंगाली नाटककर्तीच्या उपयोगी पडावा, ह्यात अनुवादाचेही महत्त्व आहे. तरीही हे विसरता येत नाही की ग्रंथ विषय देतो, दृष्टी देतो. रंगमंचावर एकटीने उभे राहण्याचे बळ शांवलींना घरातील तालमींनी दिले. ज्यांना असे घर नाही त्यांचा प्रश्न शिल्लकच राहतो.

काही स्त्रिया परस्परांच्याच मार्गदर्शक झाल्या. १९४८ साली केरळातील नंबूदिरी समाजातील स्त्रियांनी 'तोळिल् केंद्रत्तिलेक्कु', म्हणजे 'कामाच्या केंद्राकडे', हे नाटक एकत्र बसून लिहिले आणि स्वतःच सादर केले. पडद्याआड वाढलेल्या ह्या स्त्रियांना तालीममास्तर कोठून मिळणार? सामूहिक लेखन हाच त्यांचा शिक्षणक्रम होता. १९८३ साली मुंबईत ज्योती म्हापसेकर यांनी स्त्री मुक्ती संघटनेसाठी 'मुलगी झाली हो' लिहिले. संघटनेतील स्त्रियांनी ते गावोगावी केले आणि इतर भाषांतही ते गेले. प्रेक्षकांसमोर वारंवार होणारा प्रयोग हीच तेथे तालीम होती. १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' स्वतः लिहून एकटीने सादर केले. साधने थोडी असली की रूपही आटोपशीर होते, हे ह्या प्रयोगांचे सामर्थ्य होय; परंतु साधने नाहीत म्हणून एकपात्री आणि साधने मिळाली तरी एकपात्रीच, असे स्त्रियांच्या बाबतीत होऊ नये, हेही पाहिले पाहिजे. दहा पात्रांचे, तीन अंकांचे नाटक लिहिण्याची आकांक्षा दहा नटांची तालीम मिळेल ह्या खात्रीवाचून धरता येत नाही.

६. गुरू शिष्येच्या तालमीत

मार्गदर्शनाचा शेवट कसा असावा, ह्याचे एक सुंदर उदाहरण चंडीगढ येथे सापडते. नीलम मानसिंग चौधरी यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या काळात शिक्षण घेतले. पुढे भोपाळच्या भारत भवनातील रंगमंडळाच्या निमित्ताने ब. व. कारंत यांच्या कामाशी त्यांचा निकट परिचय झाला. १९८४ साली त्यांनी चंडीगढला 'द कंपनी' ही संस्था सुरू केली आणि पंजाबातील नक्काल कलावंतांना, म्हणजे स्त्रीवेष घेऊन गाणाऱ्या-नाचणाऱ्या पारंपरिक पुरुष कलाकारांना, शहरी नटांच्या बरोबरीने आपल्या प्रयोगांत आणले. ह्या प्रयोगांना संगीत देण्यासाठी कारंत स्वतः चंडीगढला येत. वयाने व कीर्तीने थोर असलेला रंगकर्मी आपल्या धाकट्या सहकारिणीच्या नाटकात संगीतकार म्हणून, तिच्या दृष्टीला अनुसरून काम करतो, ह्या घटनेत मार्गदर्शनाचे सर्व तत्त्व साठलेले आहे. ज्याला शिष्येच्या हाताखाली काम करता येते तोच खरा मार्गदर्शक.

७. लेखिकेला आणि दिग्दर्शिकेला काय द्यावे

आता व्यवहाराकडे वळू. नवोदित लेखिकेला द्यावयाची पहिली गोष्ट म्हणजे नटांनी केलेले मोठ्याने वाचन. लेखिकेने ह्या वाचनाला काही न बोलता बसावे आणि जेथे नट अडखळला तेथे खूण करावी. दुसऱ्या टप्प्यात मार्गदर्शकाने प्रश्न विचारावेत : ह्या प्रवेशात कोणाला काय हवे आहे? हे पात्र आत्ताच का येते? ही बातमी प्रेक्षकाला आधीच ठाऊक नाही काय? प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहून देऊ नयेत. मार्गदर्शकाने स्वतः संवाद लिहून दिले की नाटक कदाचित सुधारते, परंतु लेखिका सुधारत नाही. शिवाय पुढे 'हे तिने लिहिलेच नाही' असे म्हणावयास लोक मोकळे होतात. स्त्रीच्या बाबतीत हा आरोप फार लवकर होतो. तिसरा टप्पा रंगमंचावरील चालत्या-बोलत्या तालमीचा. निदान एक प्रवेश उभा करून पाहिल्यावाचून पुनर्लेखन सुरू करू नये.

विषयासंबंधी एक सूक्ष्म अडथळा येथे नोंदविला पाहिजे. लेखिकेने स्वयंपाकघर, बाळंतपण, सासर ह्यांवर लिहिले तर 'विषय घरगुती आहे' असे म्हटले जाते. तिने राजकारणावर वा युद्धावर लिहिले तर 'अनुभव कोठला?' असे विचारले जाते. मार्गदर्शकाने ह्या दोन्ही शेऱ्यांपासून दूर राहावे. विषय निवडणे हा लेखिकेचा अधिकार. तो विषय रंगमंचावर उभा राहतो की नाही, एवढेच पाहणे हे मार्गदर्शकाचे काम.

दिग्दर्शिकेचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण तिला माणसांवर अधिकार चालवावा लागतो. आपल्या नाट्यसंस्थांत होतकरू मुलीला साहाय्यक दिग्दर्शक नेमतात खरे. पण तिच्याकडे येते ते प्रॉम्प्टिंग, कपड्यांची यादी, नटांना निरोप धाडणे आणि चहाची व्यवस्था. प्रकाशयोजनेच्या चर्चेला, नेपथ्यकाराशी होणाऱ्या वाटाघाटीला किंवा हिशेबाच्या बैठकीला तिला कोणी बोलावीत नाही. ही कामे कमी प्रतीची नाहीत. परंतु त्यांतून दिग्दर्शन येत नाही. म्हणून साहाय्यकाची उमेदवारी आधीच ठरवून घ्यावी : पहिल्या नाटकात तिने सर्व तालमी पाहून नोंदी ठेवाव्यात, दुसऱ्यात एक प्रवेश स्वतंत्रपणे बसवावा, तिसऱ्यात दिवे, ध्वनी आणि खर्चाचा अंदाज ह्यांची जबाबदारी घ्यावी, आणि चौथे नाटक तिच्या एकटीच्या नावावर लागावे. तालमीत एखादा ज्येष्ठ नट तिची सूचना डावलून थेट गुरूकडे पाहू लागला, तर गुरूने काय करावे? त्याने उत्तर न देता तिच्याकडे बोट दाखवावे. हा क्षणभराचा अभिनय शंभर व्याख्यानांच्या तोडीचा आहे.

८. वेळ, वय आणि सुरक्षितता

हौशी व प्रायोगिक रंगभूमीची तालीम बहुधा नोकरी-धंदा आटोपल्यावर, रात्री होते. तालमीनंतरच्या गप्पांत पुढच्या नाटकाचे बेत ठरतात आणि शेवटची गाडी गाठण्यासाठी लवकर उठलेली मुलगी त्या बेतांतून आपोआप वगळली जाते. तिला कोणी वगळलेले नसते. तरी ती वगळलेली असते. ह्यावर उपाय साधे आहेत. महत्त्वाचे निर्णय तालमीच्या वेळेतच घ्यावेत. सुटीच्या दिवशी सकाळची तालीम ठेवावी. लहान मूल असलेल्या स्त्रीला ते बरोबर आणण्याची मुभा असावी. जाण्यायेण्याचा खर्च संस्थेने द्यावा. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने जी चळवळ उभी केली, तिचा पाया स्वस्त व नियमित मिळणारी जागा हाच होता. जागा निश्चित असली की वेळ निश्चित होते, आणि वेळ निश्चित असली की घरातून बाहेर पडणे सोपे होते.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. 'नवोदित' म्हणजे 'तरुण' असे आपण गृहीत धरतो. केंद्र सरकारची युवा कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वर्षे वयोगटासाठी आहे. २००६ साली सुरू झालेला उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी ठेवलेला आहे. ह्या योजना उपयुक्त आहेत. परंतु संसाराची पहिली वर्षे सरल्यावर, पस्तिशी-चाळिशीत पुन्हा लेखणी हाती घेणाऱ्या स्त्रीचा विचार त्यांत नाही. उषा गांगुलींनी पहिले नाटक दिग्दर्शित केले तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. म्हणून मार्गदर्शनाची योजना आखणाऱ्या संस्थेने वयाची अट न घालता अनुभवाची अट घालावी : जिची दोनपेक्षा अधिक नाटके रंगमंचावर आलेली नाहीत ती नवोदित, मग तिचे वय काहीही असो.

शेवटी सुरक्षिततेचा विषय. गुरुशिष्य संबंधात श्रद्धा असते, आणि श्रद्धेचा गैरफायदा घेता येतो. नाट्यसंस्था म्हणजे कुटुंब, अशी भाषा आपण कौतुकाने वापरतो. पण कुटुंबात तक्रार दडपली जाते हेही आपल्याला ठाऊक आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली संसदेने कायदा केला. ह्या कायद्यातील 'कर्मचारी' ह्या शब्दाच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी, उमेदवार आणि विनावेतन काम करणारी व्यक्तीही येते, ही गोष्ट नाट्यसंस्थांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्थेतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही माहिती तालमीच्या जागी ठळक अक्षरांत लावावी. त्याने गुरूचा अपमान होत नाही. निर्मळ गुरूचे काम उलट सोपे होते.

९. समारोप

स्त्रीला मार्गदर्शक स्त्रीच असावी काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. वरील उदाहरणांवरून त्याचे उत्तर स्पष्ट आहे. अल्काझी, मर्झबान, कारंत हे पुरुष होते. तृप्ती मित्र, शांता गांधी, शीला भाटिया ह्या स्त्रिया. स्त्री-मार्गदर्शकाजवळ अडचणींचे प्रत्यक्ष ज्ञान असते, आणि तिला पाहूनच 'हे शक्य आहे' असे नवखीला वाटते. परंतु जोवर सभागृहे, अनुदाने आणि नटसंच मुख्यतः पुरुषांच्या ताब्यात आहेत, तोवर मार्गदर्शनाचे ओझे केवळ ज्येष्ठ स्त्रियांवर टाकणे म्हणजे ज्यांच्याजवळ थोडे आहे त्यांनाच वाटावयास सांगणे होय. ज्याच्या ताब्यात तालीम आहे त्याने ती वाटावी, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

हिराबाई पेडणेकरांच्या 'दामिनी'ला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. ह्या काळात स्त्रीने नाटक लिहावे की नाही हा वाद संपला. तिने दिग्दर्शन करावे की नाही हाही जवळजवळ संपला. जे शिल्लक आहे ते वादाचे नाही, वाटपाचे आहे : कोणती खोली, किती दिवस, किती नट, किती पैसे. लिहिलेले पण तालमीला न लागलेले नाटक हस्तलिखितातच पिवळे पडते, आणि त्यातून काय निपजले असते हे कोणालाच कधी कळत नाही. हानी केवळ त्या स्त्रीची होत नाही. तिच्या भाषेच्या रंगभूमीचीही होते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'सल्ला' आणि 'तालीम' ह्यांतील भेद हिराबाई पेडणेकर यांच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

२. उषा गांगुली यांनी स्वतःच्या संस्थेत बाहेरचे दिग्दर्शक का बोलाविले असावेत? त्यापासून झालेल्या लाभांची चर्चा करा.

३. आपल्या गावातील किंवा शहरातील एखाद्या नाट्यसंस्थेच्या गेल्या पाच वर्षांतील नाटकांची यादी करा. त्यांत लेखिका व दिग्दर्शिका किती? साहाय्यक म्हणून काम केलेल्या स्त्रियांपैकी किती जणी पुढे स्वतंत्रपणे दिग्दर्शन करू लागल्या?

४. एका नवोदित लेखिकेसाठी तीन महिन्यांचा मार्गदर्शनक्रम आखा. त्यात जागा, वेळ, नट आणि खर्च ह्यांचा स्पष्ट उल्लेख करा.